रिटायर झाल्यावर गावात राहायचं की तालुक्याला? बंगला बांधायच्या आधी हा हिशेब करा

सातारा : पाटण, जावळी, माण, खटाव या भागात 'घरटी एक माणूस मुंबईला' असं पूर्वापार बोललं जातं. कुणी गिरणीत होता, कुणी माथाडीत, कुणी बेस्टला, कुणी पोलिसात. कोरेगाव-सातारा पट्ट्यातली माणसं फौजेत गेली. शिक्षक, कंडक्टर, कारखान्याचे कामगार तर जिल्ह्यातच बदल्या होत फिरले. ही सगळी मंडळी साठीला आली की घरात एकच विषय निघतो : आता राहायचं कुठं?

बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं. फंडाचा पैसा आला की गावात बंगला. भावकीत नाव होतं, जत्रेला पाहुणे उतरतात, गच्चीवरून शेत दिसतं. यात चुकीचं काही नाही. पण हा बंगला माणूस साठाव्या वर्षाच्या ताकदीवर बांधतो आणि त्यात राहायचं असतं पंच्याहत्तरीत, ऐंशीत. साठीत मोटारसायकलवर तालुक्याला जाऊन येणं म्हणजे काहीच वाटत नाही. पंच्याहत्तरीत डोळ्याला मोतीबिंदू, गुडघा धरलेला, मुलं पुण्या-मुंबईला. तेव्हा तेच पंधरा किलोमीटर डोंगराएवढे होतात.

म्हणून जागा ठरवताना प्रश्न असा विचारायचा : गाडी चालवता येणार नाही आणि दोघांपैकी एकच मागं राहील, तेव्हा या ठिकाणाहून दवाखाना, बँक आणि बाजार कसा गाठायचा? याचं उत्तर देता आलं तर जागा बरोबर. नाही देता आलं, तर बंगला कितीही देखणा असो, त्याचा उपयोग नाही.

आधी दवाखाना बघा, मग डोंगर

म्हातारपणी सर्दी-तापाला गावातला डॉक्टर पुरतो. अडतं ते मोठ्या दुखण्याला. छातीत दुखलं तर पहिला तास महत्त्वाचा. मेंदूत गुठळी होऊन लकवा मारला तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. १०८ ला फोन लावणं, गाडी येणं, रस्ता, स्कॅन हे सगळं त्या वेळेत बसवायचं असतं. डायलिसिस लागलं तर आठवड्यातून दोन-तीन खेपा, आणि त्या वर्षानुवर्षं.

आपल्या जिल्ह्यात मोठ्या उपचाराची दोन मुख्य ठिकाणं. एक सातारा : तिथं जिल्हा रुग्णालय आहे, सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, खाजगी दवाखानेही बरेच. दुसरं कराड : मलकापूरचं कृष्णा हॉस्पिटल आणि शहरातले इतर दवाखाने. फलटणकर बारामतीला जातात, ते तीसेक किलोमीटर पडतं. वाई, खंडाळ्याच्या लोकांना पुण्याचा रस्ता जवळ.

आता आपलं गाव यात कुठं बसतं ते बघा. कोरेगावहून सातारा वीसेक किलोमीटर, मेढ्याहून पंचवीसच्या आसपास, वाईहून पस्तीस. पाटणहून कराडही तेवढंच. पण दहिवडीहून सातारा साठच्या वर जातं, म्हसवडहून आणखी लांब. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या वाडीवर तर आधी डांबरी रस्त्यालाच यायला वेळ लागतो. नकाशावरचे किलोमीटर मोजू नका. रात्री अकरा वाजता, भर पावसात किती वेळ लागेल तो मोजा.

सरकारी योजनेचा विचारही इथंच करायचा. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. हे २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं. आधार कार्डावर ते कार्ड निघतं. पण कार्ड असलं म्हणजे शेजारच्या दवाखान्यात ते चालेलच असं नाही. तो दवाखाना योजनेत असावा लागतो आणि आपल्याला हवा तो उपचार तिथं योजनेत असावा लागतो. ज्या गावात राहायचं ठरवताय, तिथून जवळचा योजनेतला दवाखाना कोणता, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. फौजेतून आलेल्यांनी ईसीएचएसच्या दवाखान्याचं अंतर धरावं.

एसटी किती येतात ते मोजा

एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्यभर मोफत प्रवास आहे. ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत सुरू आहे. ६५ ते ७५ वयाला निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांनाही निम्मं तिकीट. म्हणजे म्हातारपणी सगळ्यात स्वस्त वाहन एसटीच. पण सवलत गाडी असेल तर.

खेड्यात बहुतेक ठिकाणी सकाळी एक गाडी, दुपारी एक आणि रात्रीची मुक्कामी. त्यातली एखादी शाळेच्या पोरांसाठी असते. सुट्टी लागली की ती बंद. मे महिन्यात, दिवाळीत नेमकी गाडी नसते. दवाखान्यात सकाळी नंबर लावला, रिपोर्ट दुपारी तीनला मिळाला आणि परतीची गाडी अडीचला गेली, तर वडाप नाहीतर रिक्षा. एका खेपेला पाच-सहाशे गेले की मोफत तिकिटाचा अर्थ उरत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी किंवा हमरस्त्यावरच्या गावात ही अडचण येत नाही. तालुक्याचंच ठिकाण पाहिजे असंही नाही. कराड-सातारा रस्त्यावरचं उंब्रज घ्या. तालुका नाही, पण हायवेवर आहे, दोन्हीकडं गाडी मिळते, बाजारपेठ आहे. रहिमतपूर, लोणंद इथं रेल्वे स्टेशनही आहे. मुलं पुण्याला असतील तर येण्याजाण्याला असं गाव सोयीचं पडतं.

पाऊस, ऊन आणि रस्ता

आपला जिल्हा एक असला तरी हवा एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. डोंगरात चार महिने ओल, भिंतीला बुरशी, कपडे वाळत नाहीत. दम्याच्या आणि संधिवाताच्या माणसाला ते सोसत नाही. माण, फलटणकडं कोरडी हवा, पण चैत्र-वैशाखात ऊन जाळतं आणि पाण्याचं विचारूनच घ्यावं लागतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, टँकर लागतो का, हे जमीन विकणारा सांगणार नाही. शेजारची बाई सांगेल.

जुलै २०२१ चा पाऊस अजून कुणी विसरलेलं नाही. महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. कराडला कृष्णा-कोयनेचं पाणी नदीकाठच्या वस्तीत शिरतं. कोयना भागाला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ठाऊक आहे. याचा अर्थ तिथं कुणी राहू नये असा नाही. माणसं पिढ्यान् पिढ्या राहतातच. पण नवीन घर बांधताना ते डोंगराच्या उताराखाली किंवा ओढ्याच्या काठी नको. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या माणसाला विचारा, आणि भूकंपाचा भाग असेल तर लोखंड-सिमेंटचं काम इंजिनिअरकडून करून घ्या.

जमीन आपली आहे का, ते आधी कागदावर बघा

गावात घर बांधणाऱ्यांचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं. वडिलांच्या नावची जमीन, सातबारावर चार भाऊ आणि दोन बहिणी. एकानं फंडातले पंचवीस लाख घालून बंगला उभा केला. बंगला त्याचा, पण खालची जमीन सहा जणांची. तो असेपर्यंत कुणी बोलत नाही. तो गेला की त्याच्या बायकोला भावकीशी भांडावं लागतं.

म्हणून वीट टाकण्याआधी एवढं करा :

- वडील वारले असतील तर वारस नोंद झाली का ते बघा. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) यांच्याकडं फेरफार तपासा.
- सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल तर तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या. तोंडी वाटणीवर बांधकाम करू नका.
- गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. ड्रोन मोजणी झालेल्या गावात मिळकत पत्रिका मिळते, तीही घ्या.
- तालुक्याच्या ठिकाणी प्लॉट घेताना तो एनए आहे का, रस्ता कागदावर आहे का ते बघा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे मालकी होत नाही. रजिस्टर खरेदीखत पाहिजे.
- शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. मुंबईत नोकरीला असलात तरी सातबारावरचं आपलं नाव टिकवून ठेवा.
- घर शक्यतो नवरा-बायको दोघांच्या नावावर करा.

सगळा पैसा भिंतीत घालू नका

समजा एखाद्याला फंड, ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख आले. पस्तीसचा बंगला बांधला तर हातात ५ उरतात. खाजगी कंपनीतून आलेल्याची ईपीएसची पेन्शन बहुतेकदा काही हजारच. सप्टेंबर २०१४ पासून तिची किमान रक्कम महिन्याला १ हजारच आहे. मग बंगल्यात राहून लाइट बिलाला मुलाकडं हात पसरायची वेळ येते.

त्याच माणसानं वीस लाखांत दोन खोल्यांचं बैठं घर केलं आणि १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्के दरानं दर तीन महिन्यांना ३० हजार ७५० रुपये व्याज येतं. महिन्याला १० हजार २५० पडले. त्यात दोघांचा किराणा आणि औषधं निघतात. या योजनेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं. दर सरकार तिमाहीला ठरवतं, पण आपण पैसे ठेवले त्या दिवशीचा दर पाच वर्षं तोच राहतो. ठेवायच्या आधी पोस्टात चालू दर विचारा.

घर बैठंच असावं. जिना नको. उंबरा कमी उंचीचा, संडास घरातच आणि खुर्चीसारखा बसायचा, न्हाणीत धरायला लोखंडी दांडा, फरशी खरबरीत. न्हाणीत घसरून खुबा मोडला की म्हाताऱ्या माणसाचं उठणं-बसणं संपतं. वरच्या मजल्याचे पाच लाख वाचवले तर त्यातल्या थोड्या पैशात ही सगळी कामं होतात.

घरधनिणीला विचारलं का?

हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. पुरुषाला गाव म्हणजे बालपण. पार, तालीम, जत्रा, वर्गमित्र. बायकोला ते सासर. तिची तीस-पस्तीस वर्षं डोंबिवली-घणसोलीच्या चाळीत गेली. तिच्या मैत्रिणी तिथं, भिशी तिथं, हळदीकुंकू तिथं. गावाला आल्यावर तिच्या वाट्याला पुन्हा चूल, पाहुणे आणि भावकीचं मन राखणं. त्यात नवऱ्यापेक्षा वयानं लहान असल्यानं मागं राहणारी बहुतेक तीच.

तिला गाडी चालवता येत नाही, एटीएम कधी वापरलेलं नाही, पेन्शनचे कागद कुठं आहेत ठाऊक नाही. अशा बाईला आडबाजूच्या मळ्यातल्या बंगल्यात ठेवून नवरा गेला, तर तो बंगला तिला कैद होतो. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या आळीत घर असेल तर ती चालत बँकेत जाते, देवळात जाते, भजनी मंडळात बसते, शेजारीण हाक मारते. जागा ठरवताना निम्मं मत तिचं धरा. खरं तर निम्म्याहून जास्त.

मुलाच्या नावावर करताना

गावाकडं आल्यावर दोन-तीन वर्षांत विषय निघतोच : आता घर-जमीन मुलांच्या नावावर करून टाका. मुलं चांगली असली तरी घाई करू नका. मृत्युपत्र करून ठेवता येतं, त्यात मालकी हयातभर आपल्याकडंच राहते. बक्षीसपत्रच करायचं असेल तर 'आई-वडिलांचा सांभाळ करण्याच्या अटीवर' असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळाची अट मोडली तर असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं करायचा असतो. मुलांकडून महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगीही त्याच कायद्यात मागता येते. सल्ला किंवा मदत हवी असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन नंबर आहे.

मग गाव सोडायचं का?

मुळीच नाही. गावातल्या माणसाचे पाय जमिनीला लागलेले असतात. रात्री हाक मारली तर चार माणसं धावून येतात, ते शहरात होत नाही. मळ्यात दोन तास काम केलं तर तब्येतही चांगली राहते. ज्याचं गाव हमरस्त्याजवळ आहे, घराचा कागद स्वच्छ आहे, सख्खा भाऊ किंवा पुतण्या शेजारी आहे आणि बायकोचीही तयारी आहे, त्यानं खुशाल गावात राहावं.

ज्यांचं यातलं दोन-तीन गोष्टींत अडतंय, त्यांच्यासाठी मधली वाट आहे. घर तालुक्याला किंवा बाजाराच्या गावाला, शेत गावात. दहा-पंधरा किलोमीटरच्या आतलं अंतर. सकाळच्या गाडीनं शेतावर, संध्याकाळी परत. जत्रेला, लग्नाकार्याला गावात मुक्काम, जुनं घर डागडुजी करून त्यासाठी ठेवायचं. अंगात ताकद आहे तोवर शेत होतं, ताकद गेली की दवाखाना जवळ असतो. वाटेकऱ्यानं किंवा पुतण्यानं शेत केलं तरी नजर राहते.

अनेकांना वाई किंवा पाचगणीची हवा खुणावते. हवा चांगलीच आहे. वाईला घाट आहे, देवळं आहेत, विश्वकोशाचं कार्यालय आहे, वाचणाऱ्या माणसाला सोबत मिळते. पण तिथं आपलं नात्यातलं कुणी नसेल तर सुरुवातीची वर्षं एकट्यानं काढावी लागतील, आणि पर्यटनाच्या गावात जागेचा भावही तसाच चढा. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटाच्या रस्त्याला गाड्यांची रांग असते, हेही लक्षात ठेवा.

आधी वर्षभर भाड्यानं राहून बघा

ठरवलेल्या गावात एकदम जागा घेऊ नका. ११ महिन्यांचा भाडेकरार करून राहा. त्यात एक पावसाळा, एक उन्हाळा, एक दिवाळी निघते. पाणी, लाइट, डॉक्टर, शेजार सगळं कळतं. मुंबईची खोली तोवर विकू नका, तीही भाड्यानं द्या. तिच्या भाड्यात इथलं भाडं सहज निघतं. वर्षानंतर नाही पटलं तर परतीचा रस्ता मोकळा राहतो. एकदा खोली विकली की तेवढ्या पैशात मुंबईत पुन्हा जागा होत नाही.

राहायला आल्यावर ही कामं पहिल्या दोन महिन्यांत उरका :

- आधारवरचा पत्ता बदलणे, मग रेशन कार्ड आणि गॅस.
- मतदार यादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ चा अर्ज.
- पेन्शनच्या बँकेत मोबाइल नंबर आणि वारसाचं नाव तपासणे. ईपीएसची पेन्शन जानेवारी २०२५ पासून देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते.
- हयातीचा दाखला : सरकारी पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरमध्ये, ईपीएसवाल्यांना वर्षातून कधीही, तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. बोटाचे ठसे उमटत नसतील तर हाच मार्ग सोपा.
- दाखल्याच्या नावाखाली फोन करून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका. बँक किंवा पेन्शन कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही.
- जवळच्या डॉक्टरकडं दोघांची फाइल, रक्तगट आणि चालू गोळ्यांची यादी. तीच यादी घरात दारामागं चिकटवा.

जागा बघायला जाल तेव्हा हे सात प्रश्न विचारा

१. सीटी स्कॅन आणि आयसीयू असलेला दवाखाना रात्री किती वेळात गाठता येईल?
२. दिवसात किती एसटी, आणि शाळेच्या सुट्टीत किती?
३. बँक, मेडिकल, किराणा चालत जाण्याच्या अंतरात आहे का?
४. मे महिन्यात पाणी किती दिवसांनी येतं?
५. २०२१ च्या पावसात इथं काय झालं होतं?
६. कागद कुणाच्या नावावर, आणि हिस्सेदार किती?
७. दोघांपैकी एकच राहिलं तर रोज हाक मारणारं शेजारी कोण?

पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं कागदावर आणि घड्याळावर मिळतात. सातव्याचं उत्तर मिळायला तिथं राहूनच बघावं लागतं, म्हणून ते एक वर्ष.